जपानी खानावळीच्या रश्श्यात काय आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

होटगी रस्त्याकडे नव्याने निघालेल्या, जपानी घरगुती जेवण देणाऱ्या छोट्या उपाहारगृहाविषयी आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात अलीकडे जी पत्रे प्रसिद्ध झाली, ती मी लक्षपूर्वक वाचली. एका पत्रलेखकांना हे श्रीमंतांचे चोचले आणि तिथला करी-भात ही आपल्याच आमटीची नक्कल वाटते. दुसऱ्यांच्या मते शेंगाचटणी आणि कडक भाकरीच्या गावात असला फिका भात चार महिनेही टिकणार नाही. आणि तिसऱ्यांनी तर ‘चायनीजच्या गाड्या काय थोड्या होत्या?’ असा सवाल केला आहे. तिन्ही पत्रे खुसखुशीत आहेत, परंतु तिथे ताटात नेमके काय वाढतात हे तिन्हींपैकी एकाही पत्रातून कळत नाही. मी अनेक वर्षे बाहेरगावाहून शिकायला आलेल्या मुलांची मेस चालवली असून दोन वेळचे खाते, खाडे, रविवारची फीस्ट आणि महिनाअखेरची उधारी या सगळ्यांतून गेले आहे. त्यामुळे कोणी ‘घरगुती’ हा शब्द पाटीवर लिहून अन्न विकू लागले, की माझी नजर त्या धंद्यातल्या माणसाची होते, आणि त्याच नजरेने हे पत्र लिहीत आहे.

प्रथम एक गैरसमज दूर व्हायला हवा. जपानी जेवण म्हणजे कच्चा मासा, लाकडी काड्या आणि भलेमोठे बिल, अशी आपल्याकडे समजूत आहे. प्रत्यक्षात जपानमध्ये स्टेशनांच्या, कारखान्यांच्या आणि महाविद्यालयांच्या आसपास अगदी साधी जेवणघरे असतात, आणि एकटे राहणारे नोकरदार, विद्यार्थी व कामगार तिथले नेहमीचे गिऱ्हाईक असते. एका तबकात वाडगाभर भात, मिसो नावाच्या आंबवलेल्या सोयाबीनचे सूप, एखादा मुख्य पदार्थ, थोडे लोणचे आणि जमल्यास एक-दोन छोट्या भाज्या, असा तिथला बेत असतो. भात पुन्हा मागितला तर अनेक ठिकाणी त्याचे वेगळे पैसे लागत नाहीत. बसा, जेवा आणि उठा, एवढाच तिथला शिष्टाचार. जुन्या गिरण्या चालू असताना ज्यांनी सोलापूर पाहिले आहे, किंवा ज्यांनी लिंगायत खानावळीत पाटावर बसून ज्वारीची भाकरी, आमटी आणि पुंडीची भाजी खाल्ली आहे, त्यांना ही पद्धत नवी वाटण्याचे कारण नाही. ही खानावळच आहे, फक्त परमुलखातली. म्हणून तिला खानावळीचेच नियम लावावेत असे माझे म्हणणे आहे, आणि ते नियम चालवणाऱ्याला आहेत तसेच जेवणाऱ्यालाही आहेत.

आता ताटाविषयी. तिथल्या पदार्थांची यादी छोटी आहे, आणि ही गोष्ट मला पहिल्याच भेटीत आवडली. लांबलचक यादी असलेल्या स्वयंपाकघरात निम्मे पदार्थ शीतपेटीत पडून असतात, हे धंद्यातल्या माणसाला सांगावे लागत नाही. इथे करी-भात आहे, पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेला कोंबडीचा कटलेट आहे, कोंबडी आणि अंडे एकत्र शिजवून भातावर ओतलेला एक वाडगा आहे, टोमॅटोच्या भातावर पातळ ऑम्लेट पांघरलेले ओमुराइस आहे, गव्हाच्या जाड शेवया रश्श्यात घालून देतात तो उदोन आहे आणि भाताचे त्रिकोणी गोळे आहेत. जपानी भात आखूड दाण्याचा आणि चिकट असतो. त्याऐवजी इथे इंद्रायणी तांदूळ वापरतात, आणि निवड अगदी योग्य आहे, कारण मोकळ्या बासमतीवर ती दाट करी बसतच नाही. सर्वांत लक्षात राहिली ती एक लहानशी वाटी: उकडून पिळून घेतलेला पालक, त्याला खरपूस भाजलेल्या तिळाचे कूट, थोडा सोया सॉस आणि चिमूटभर साखर. कूट जाडसर होते, म्हणजे मिक्सरमध्ये पीठ होऊ न देता हाताने कुटलेले असावे. पालकाला पाणी सुटलेले नव्हते. पालेभाजी पिळण्याची एवढी चिकाटी ज्या स्वयंपाकघरात आहे, तिथल्या हाताविषयी माझा तरी चांगलाच ग्रह झाला.

करी-भाताला ‘आपल्याच आमटीची नक्कल’ म्हणून हिणवणाऱ्या पत्रलेखकांसाठी थोडा इतिहास सांगते. करी जपानमध्ये थेट आपल्याकडून गेलेली नाही. १८६८ नंतरच्या मेजी राजवटीत जपानने पाश्चात्त्य चालीरीती आपल्याशा केल्या, त्या सुमारास इंग्रजांच्या हातून करी पावडर तिथे पोहोचली, आणि १८७२ मध्ये छापलेल्या पाकपुस्तकांत करीच्या कृती आढळतात. इंग्रजी वळणाप्रमाणे ती गव्हाचे पीठ चरबीत परतून दाट केलेली असते. तिचा दाटपणा डाळीचाही नव्हे आणि कांद्या-खोबऱ्याच्या वाटणाचाही नव्हे. त्या काळी जपानी नौदलात नुसत्या सडीक पांढऱ्या तांदळाच्या भातावर राहणारे खलाशी बेरीबेरीने आजारी पडत. ब१ जीवनसत्त्वाचा अभाव हे त्याचे कारण पुढे कळले, परंतु ताकाकी कानेहिरो या नौदलाच्या वैद्यांनी त्याआधीच, १८८० च्या दशकात, आहारात जव, मांस आणि पाव आणून तो रोग आटोक्यात आणला. मांस, भाज्या आणि पीठ एकाच भांड्यात शिजवता येणारी करी अशा बदललेल्या शिध्यात चपखल बसली. १९०८ च्या नौदलाच्या पाकपुस्तिकेत तिची कृती आहे, आणि जपानच्या सागरी दलात आजही शुक्रवारी करी-भाताचा बेत असतो.

भारतीय हात तिला लागला तो नंतर, आणि तोही एका क्रांतिकारकाचा. व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांच्यावरील बॉम्बहल्ल्यानंतर इंग्रज सरकार ज्यांच्या मागावर होते ते रासबिहारी बोस १९१५ मध्ये जपानला निसटले. तोक्योतील शिंजुकू भागातल्या नाकामुराया या बेकरीच्या मालक सोमा दांपत्याने त्यांना लपवून ठेवले, आणि १९१८ मध्ये त्यांच्या मुलीशी, तोशिको यांच्याशी, रासबिहारींचा विवाह झाला. तोशिको १९२५ मध्ये अकाली वारल्या. पुढे १९२७ मध्ये नाकामुरायाने उपाहारगृह काढले, तेव्हा तिथे रासबिहारींच्या सांगण्यावरून हिंदुस्थानी पद्धतीची कोंबडीची करी मिळू लागली, आणि ती आजतागायत मिळते. शाळेच्या पुस्तकात रासबिहारींच्या नावापुढे आझाद हिंद सेनेचा उल्लेख येतो आणि धडा संपतो; करीविषयी कोणी सांगत नाही, याचे मला नेहमी नवल वाटते. आता तर करी-भात विकणाऱ्या एका मोठ्या जपानी साखळीने २०२० मध्ये गुरुग्राम येथे आपली भारतातली पहिली शाखा उघडली आहे. तेव्हा या ताटाला नक्कल म्हणायचे, तर ती कोणाची नक्कल हेही ठरवावे लागेल.

चायनीजच्या गाड्यांशी तुलना करणाऱ्या पत्राविषयी एवढेच म्हणते की, निदान डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या जन्मगावाने चीन आणि जपान यांची सरमिसळ करू नये. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चिनी सैनिकांवर उपचार करायला १९३८ मध्ये जे डॉक्टरांचे पथक गेले, त्यात आपला हा सोलापूरकर होता, आणि १९४२ मध्ये त्यांनी तिथेच देह ठेवला. गंमत अशी की, त्या गाड्यांवरचे अजिनोमोटो मात्र जपानी आहे. इकेदा किकुनाए या रसायनशास्त्रज्ञांनी १९०८ मध्ये कोम्बू या समुद्री शेवाळाच्या पाण्यातून ग्लुटामेट वेगळे केले आणि १९०९ पासून त्याची पांढरी पूड त्या नावाने विकली जाऊ लागली. जपानी चव सोलापुरात यायची ती फार पूर्वीच येऊन गेली आहे.

हे कोम्बूचे पाणीच माझ्या पत्राचा मुख्य विषय आहे. जपानी स्वयंपाकाचा पाया ‘दाशी’ नावाच्या पातळ रश्श्यावर उभा असतो. सर्रास केली जाणारी दाशी अशी: कोम्बूचा तुकडा गार पाण्यात भिजत ठेवायचा, पाणी तापवून उकळी फुटण्याच्या आत तो काढून घ्यायचा, मग त्यात कात्सुओबुशीचे पापुद्रे घालायचे आणि मिनिट-दोन मिनिटांत गाळून घ्यायचे. कात्सुओबुशी म्हणजे बोनिटो जातीचा मासा. तो उकडून, धुरी देऊन, वाळवून आणि उंची प्रतीचा असेल तर त्यावर बुरशी चढवून महिनोन्‌महिने ठेवतात. तो लाकडाइतका कठीण होतो आणि रंध्यावर किसावा लागतो. गाळल्यावर रस्सा पाण्यासारखा नितळ असतो, त्यात माशाचा कणही दिसत नाही, आणि सुकटीसारखा उग्र वासही येत नाही. मिसो सूप, उदोनचा रस्सा, उकडलेल्या भाज्या, अगदी अंड्याची गुंडाळी, या सगळ्यांत ही दाशी जाते. वरून पाहणाऱ्याला फक्त गाजर, मुळा आणि टोफू दिसतो.

माझ्यासोबत एकदा शेजारच्या वहिनी आल्या होत्या. त्या लिंगायत घरातल्या आणि कटाक्षाने शाकाहारी आहेत. यादीत भाज्यांच्या उदोनपुढे हिरवा ठिपका होता. तरीही खात्रीसाठी त्यांनी विचारले, तेव्हा वाढणारा मुलगा अगदी अदबीने म्हणाला, ‘व्हेजच आहे की हो काकू, सगळ्या भाज्या आहेत.’ तो खोटे बोलत नव्हता. त्याला कोणी सांगितलेच नव्हते. मी मात्र सवयीप्रमाणे रश्श्याचा मसाला पाहायला मागितला. आतून जे चंदेरी पाकीट आले, त्याच्या पाठीवर बारीक अक्षरांत बोनिटोची पूड नमूद केलेली होती. चालकांनी बाहेर येऊन दिलगिरी व्यक्त केली, पैसे घेतले नाहीत, आणि वर म्हणाले, ‘चमचाभरच असते, काकू.’ वहिनी काही बोलल्या नाहीत, परंतु पाण्याचा पेलाही न उचलता उठल्या. हे चालक तरुण आहेत, कष्टाळू आहेत आणि वृत्तीने सरळ आहेत, हे मी मुद्दाम नोंदवते. त्यांना अडचणीत आणण्यासाठी हे पत्र नाही आणि म्हणूनच उपाहारगृहाचे नावही लिहीत नाही. परंतु चमचाभर असो की पातेलेभर, हा हिशेब खाणाऱ्याने करायचा असतो. वाढणाऱ्याने तो परस्पर केला, तर त्या धंद्याला घरगुती म्हणता येत नाही. माझ्या मेसमध्ये श्रावणात एका मुलाने आमटीत लसूण आहे का, असे विचारले, तर ‘नाही’ म्हणण्यापूर्वी मी स्वयंपाकीणबाईंना हाक मारत असे.

सोलापुरात या गोष्टीला अधिकच महत्त्व आहे. लिंगायत, जैन आणि गुजराती-मारवाडी मंडळींची मोठी वस्ती इथे आहे. तेलुगू आणि मराठी घरांतही वार पाळणारे असंख्य लोक आहेत. शनिवारी कोंबडी न खाणारा माणूस त्या दिवशी बिनधास्त ‘भाज्यांचा’ उदोन मागवेल. त्याचबरोबर मुस्लिम समाजही मोठा आहे, आणि त्यांच्या दृष्टीने प्रश्न वेगळा आहे. जपानी स्वयंपाकात गोडसर चकाकीसाठी जे मिरिन वापरतात, ते अस्सल असेल तर त्यात चौदा टक्क्यांच्या आसपास मद्यार्क असतो, आणि तांदळाची दारूही अनेक पदार्थांत घालतात. करीच्या ज्या तयार वड्या जपानमध्ये घरोघरी वापरल्या जातात, त्यांतल्या कित्येकांत गाय आणि डुक्कर यांची चरबी मिसळलेली असते. इथल्या उपाहारगृहात तशा वड्या वापरत नाहीत, पीठ तेलातच भाजतात, असे मला विचारल्यावर सांगण्यात आले, आणि त्यावर अविश्वास दाखवण्याचे मला कारण नाही. तरीही हे विचारल्यावर कळावे लागते, इथेच मेख आहे. कटलेट आणि भाजीचे तळण एकाच कढईत होते का, हेही मला विचारूनच कळले. होते.

कोणी म्हणेल की अस्सल चव हवी असेल, तर मासा आलाच. हे खरे नाही, आणि त्यासाठी जपानबाहेर जावे लागत नाही. तिथल्या बौद्ध मठांत शतकानुशतके जो स्वयंपाक चालत आला आहे, त्यात मांस-मासे तर नाहीतच, शिवाय कांदा, लसूण आणि त्या वर्गातल्या उग्र वासाच्या भाज्याही वर्ज्य आहेत. तो रस्सा नुसत्या कोम्बूचा किंवा कोम्बू आणि वाळवलेल्या शिताके अळंब्यांचा करतात. दोन्ही वस्तू वाळवलेल्या असल्याने महिनोन्‌महिने टिकतात. कोम्बूला एक रात्र पाण्यात भिजवण्यापलीकडे कष्ट नाहीत, आणि आपल्याकडे कडधान्य भिजत घालायचे विसरले तर दुसऱ्या दिवशीची उसळ बोंबलते, त्यामुळे रात्री भिजत घालण्याची शिस्त सोलापुरी स्वयंपाकघराला शिकवायला नको. जैन गिऱ्हाइकांसाठी अळंबी वगळून नुसत्या कोम्बूवरही काम भागते, मात्र कांदा, बटाटा आणि गाजर यांवरच उभा असलेला करी-भात त्यांना देता येणार नाही, हे स्पष्ट सांगून टाकावे. सगळ्यांना सगळे देता येत नाही. खानावळीत कधीच देता येत नव्हते.

चालकांना एवढे ऐकवल्यावर गिऱ्हाइकांनाही दोन शब्द ऐकवणे न्यायाचे होईल. मी बसले होते तेवढ्या वेळात शेजारच्या टेबलावरून करीत शेजवान चटणी घालून आणायची फर्माईश झाली, दुसऱ्याने उदोन ‘ड्राय’ करून मागितला, आणि एका कुटुंबाने चीज आहे का, याची चौकशी केली. मऊ भातावरची सौम्य, किंचित गोडसर करी तशीच असायची असते. लहान मुले आणि वयस्कर माणसे ती आवडीने खातात, याचे कारणही तेच आहे. ज्याला तिखट हवे त्याने वरून घ्यावे. जपानमध्येही उदोनच्या टेबलावर मिरची आणि इतर मसाल्यांची मिळून केलेली सात जिनसांची पूड ठेवलेली असते. त्याऐवजी इथे शेंगाचटणीची बरणी ठेवली तर माझी काही हरकत नाही. तिळाच्या पालकाबरोबर ती फारच छान लागते, हे मी करून पाहिले आहे. परंतु पातेल्यातल्या रश्श्याला कोणी हात लावू नये. आपल्या शहरातल्या कितीतरी उपाहारगृहांत पंजाबी, दाक्षिणात्य आणि चायनीज या तिन्ही पदार्थांना शेवटी एकाच लाल रश्श्याची चव येऊ लागली, ती अशाच फर्माइशींमुळे.

दराची तक्रार मात्र मला पटते. करी-भाताच्या एका ताटाच्या पैशांत साध्या हॉटेलातल्या दोन राइस प्लेट येतात. सोया सॉस, मिसो आणि कोम्बू बाहेरून आणावे लागतात हे मान्य, परंतु ताटातला बराचसा भाग तांदूळ, कांदा, बटाटा, कोंबडी आणि पालक असाच आहे, आणि तो सोलापूरच्या बाजारातून येतो. विद्यार्थ्यांसाठी आणि नोकरीनिमित्त एकट्याने राहणाऱ्यांसाठी महिन्याचे कूपन काढावे, दुपारी एकच ठरलेले ताट ठेवावे, खाड्याचे पैसे वजा करावेत आणि दुसऱ्यांदा भात मागणाऱ्याकडे वेगळे पैसे मागू नयेत. रोजची माणसे ठरली की दाणागोटा नेमका भरता येतो, नासाडी थांबते आणि दर आपोआप खाली येतो. शनिवार-रविवारी हौसेने येणाऱ्या आणि ताटाचे फोटो काढणाऱ्या गर्दीवर खानावळ चालत नाही; ती गर्दी पुढच्या महिन्यात दुसरीकडे जाते.

माझी मागणी थोडक्यात अशी आहे. मांस, मासे, अंडे, चरबी आणि मद्यार्क यांपैकी काय कोणत्या पदार्थात आहे, तळणाची कढई एक आहे की दोन, आणि त्या दिवशीचा रस्सा माशाचा आहे की शेवाळाचा, हे दारातच ठळक अक्षरांत लिहावे आणि वाढणाऱ्या मुलांकडून पाठ करून घ्यावे. पाकिटावर हिरवी-तपकिरी खूण सक्तीची असते, तशीच शिस्त ताटालाही हवी, आणि अन्न व औषध प्रशासनाच्या स्थानिक अधिकाऱ्यांनी परदेशी पदार्थ विकणाऱ्या सर्वच उपाहारगृहांना याची आठवण करून दिली तर चांगले होईल. पाटी मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि उर्दूतही असावी. भिंतीवर जागा नाही असे चालकांचे म्हणणे असेल, तर दर्शनी भागात रंगवलेल्या चेरीच्या फुलांपैकी निम्मी पुसून टाकायला हरकत नसावी.

आपली,
एक वाचक, जुळे सोलापूर